गाभाऱ्यात जायला नकार दिला अन् लष्करातली नोकरी गेली, ख्रिस्ती अधिकाऱ्याच्या या प्रकरणात कोर्टाने नेमकं काय ठरवलं?

दर आठवड्याला रेजिमेंटची धार्मिक परेड व्हायची. जवान मंदिरात, गुरुद्वारात जायचे. त्यांचा अधिकारीही सोबत जायचा, बूट काढायचा, अंगणात उभा राहायचा. पण पूजा किंवा आरतीसाठी अगदी आतल्या भागात चला म्हटलं की तो थांबायचा. माझा धर्म मला एवढ्यापर्यंतच परवानगी देतो, असं त्याचं म्हणणं होतं.

या एका गोष्टीवरून लेफ्टनंट सॅम्युअल कमलेसन यांची लष्करातली नोकरी गेली. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. ते दिल्ली हायकोर्टात गेले, तिथे हरले. मग सुप्रीम कोर्टात गेले आणि २५ नोव्हेंबर २०२५ ला तिथेही हरले.

तेव्हापासून सोशल मीडियावर सरळ दोन गट पडले. एक म्हणतो, याला म्हणतात श्रद्धेसाठी उभं राहणं. दुसरा म्हणतो, वर्दी घातली की धर्म घरी ठेवायचा. दोन्ही वाक्यं स्टेटसला ठेवायला सोपी आहेत. पण प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं आहे. कारण यात एक असा प्रश्न दडलाय जो उद्या तुमच्या ऑफिसमध्ये, सोसायटीत किंवा मुलांच्या शाळेतही उभा राहू शकतो. तो म्हणजे, माझी श्रद्धा मला काय करू देते आणि काय नाही, हे ठरवणार कोण?

आधी प्रकरण समजून घेऊ.

नेमकं झालं काय?

कमलेसन मार्च २०१७ मध्ये लष्करात अधिकारी म्हणून रुजू झाले. पोस्टिंग मिळालं ३ कॅव्हलरी रेजिमेंटमध्ये. या रेजिमेंटमध्ये शीख, जाट आणि राजपूत अशा तीन स्क्वाड्रन. कमलेसन यांच्याकडे शीख स्क्वाड्रनमधल्या एका तुकडीची जबाबदारी होती.

लष्करात अनेक ठिकाणी ‘सर्वधर्म स्थळ’ असतं. म्हणजे एकाच छताखाली सगळ्या धर्मांची प्रार्थनेची जागा. कमलेसन यांचं म्हणणं होतं की त्यांच्या रेजिमेंटमध्ये असं स्थळ नव्हतं, फक्त मंदिर आणि गुरुद्वारा होतं. जवानांसोबत आपण प्रत्येक वेळी तिथपर्यंत जायचो, सणांमध्ये भाग घ्यायचो, सूट मागितली ती फक्त आतल्या भागात जाऊन पूजाविधीत सामील होण्यापासून. एका देवाशिवाय दुसऱ्या कुणाची उपासना करायची नाही, ही बायबलमधली पहिली आज्ञा. ती मोडली तर आपण स्वतःशीच खोटं वागू, असा त्यांचा युक्तिवाद होता.

लष्कराची बाजू वेगळी होती. कमांडंटने आणि इतर अधिकाऱ्यांनी त्यांना अनेकदा समजावलं. ख्रिस्ती धर्मगुरूंशीही त्यांचं बोलणं करून दिलं. तरी ते ऐकेनात. अधिकारी जवानांपासून असा वेगळा उभा राहिला तर तुकडीची एकी आणि मनोबल ढासळतं, असं लष्कराचं म्हणणं पडलं. विषय धार्मिक आणि संवेदनशील असल्यामुळे कोर्ट मार्शल करणं योग्य होणार नाही, असंही ठरवण्यात आलं. शेवटी ३ मार्च २०२१ च्या आदेशाने त्यांना बडतर्फ करण्यात आलं.

लष्कर एवढं अडून का बसलं?

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, एक माणूस चार पावलं आत नाही गेला, त्यात एवढं काय? इथे लष्कराची परंपरा समजून घ्यावी लागते.

भारतीय लष्करात एक न लिहिलेला नियम आहे. जवानांचा जो धर्म, तोच अधिकाऱ्याचा धर्म. शीख तुकडीचा हिंदू अधिकारी गुरुद्वारात मत्था टेकतो. मुस्लीम जवानांचा हिंदू अधिकारी ईदच्या नमाजाला त्यांच्यासोबत असतो. मराठा लाइट इन्फंट्रीचंच उदाहरण घ्या. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही त्यांची युद्धघोषणा. अधिकारी केरळचा असो की नागालँडचा, ती घोषणा त्याचीही असते.

यामागचा हिशोब साधा आहे. हाच अधिकारी उद्या या जवानांना गोळीबारात पुढे व्हा म्हणणार. ज्या माणसाच्या शब्दावर जीव द्यायचा, तो माणूस आपला वाटला पाहिजे. आणि आपलेपणा रोजच्या छोट्या गोष्टींतून तयार होतो. एकत्र जेवणं, एकत्र खेळणं, एकत्र देवापुढे उभं राहणं.

दुसरी बाजूही याच परंपरेत आहे. हेच लष्कर शीख जवानांची दाढी आणि पगडी मान्य करतं. वेगवेगळ्या धर्मांचे धर्मगुरू रीतसर हुद्द्यावर नेमतं. म्हणजे श्रद्धेला जागा करून देणं लष्कराला जमत नाही, असं अजिबात नाही. कुठपर्यंत जागा करायची, हा खरा वाद.

दिल्ली हायकोर्ट काय म्हणालं?

३० मे २०२५ ला न्यायमूर्ती नवीन चावला आणि न्यायमूर्ती शालिंदर कौर यांच्या खंडपीठाने कमलेसन यांची याचिका फेटाळली.

कोर्टाने सुरुवातीलाच विषयाची चौकट बदलली. हा धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न नाहीच, वरिष्ठाचा कायदेशीर आदेश पाळण्याचा प्रश्न आहे, असं कोर्टाने सांगितलं. कमलेसन यांनी आपला धर्म आदेशाच्या वर ठेवला आणि लष्करात याला बेशिस्तच म्हणतात. रेजिमेंटची नावं किंवा युद्धघोषणा वरवर धार्मिक वाटत असल्या तरी त्यांचं काम जवानांना बळ देण्याचं असतं, असंही निकालात म्हटलं आहे. सामान्य नागरिकाला हे कठोर वाटेल हे कोर्टाने मान्य केलं, पण सैन्याच्या शिस्तीचं माप वेगळं असतं, असं स्पष्ट केलं.

याला घटनेचाही आधार आहे. कलम २५ प्रत्येकाला सदसद्विवेकाचं आणि धर्माचं स्वातंत्र्य देतं. पण कलम ३३ सांगतं की सैन्यदलांच्या बाबतीत संसद मूलभूत हक्कांवर मर्यादा आणू शकते. थोडक्यात, गणवेश चढवला की काही हक्क आखडले जाऊ शकतात.

इथे टीकाकार एक मुद्दा काढतात. या अधिकाराखाली केलेल्या आर्मी ॲक्टच्या कलम २१ मध्ये तीन गोष्टींचा उल्लेख आहे. संघटनेत सामील होणं, सभा-निदर्शनांत भाग घेणं आणि वृत्तपत्रांशी संवाद साधणं. पूजेत भाग घ्यायला नकार देण्याबद्दल त्यात काही नाही. मग हा आदेश ‘कायदेशीर’ ठरतो तो कशाच्या जोरावर, असा त्यांचा सवाल आहे. हायकोर्टाने त्याचं उत्तर शिस्त आणि एकजुटीत शोधलं.

आणि सुप्रीम कोर्ट?

सरन्यायाधीश सूर्य कांत आणि न्यायमूर्ती जॉयमाल्य बागची यांच्यासमोर सुनावणी झाली. कमलेसन यांच्या बाजूने ज्येष्ठ वकील गोपाल शंकरनारायणन उभे होते. आपल्या अशिलाने होळी-दिवाळी साजरी केली, सर्वधर्म स्थळात जायलाही त्यांची हरकत नाही, अडचण फक्त एका कृतीची आहे, असं त्यांनी मांडलं.

सरन्यायाधीशांनी कडक शब्द वापरले. ही गंभीर बेशिस्त आहे, असा माणूस सैन्यासाठी ‘मिसफिट’ आहे, त्याने स्वतःच्याच जवानांच्या भावनांचा आदर केला नाही, असा त्यांचा सूर होता. शिक्षा तरी कमी करा, नाहीतर चुकीचा संदेश जाईल, ही विनंतीही मान्य झाली नाही. उलट यातून कडक संदेश जाईल, असं उत्तर मिळालं.

न्यायमूर्ती बागची यांनी मात्र वेगळा धागा पकडला. ख्रिस्ती धर्मात दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळात जायला मनाई कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. पास्टरने हरकत नाही असं सांगितलं असेल तर विषय तिथे संपायला हवा. आपला धर्म काय परवानगी देतो याची स्वतःपुरती समजूत करून घेता येणार नाही आणि वर्दीत तर नाहीच, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

बातम्यांमध्ये ‘मिसफिट’ शब्द गाजला. पण दूरचा विचार केला तर खरा वजनदार मुद्दा बागची यांचा होता.

१९८६ मध्ये याच कोर्टाने काय सांगितलं होतं?

चाळीस वर्षं मागे, केरळमध्ये जावं लागेल. कोट्टायम जिल्ह्यातल्या एका शाळेत तीन भावंडं शिकत होती. कुटुंब ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचं. सकाळी राष्ट्रगीत सुरू झालं की ही मुलं उभी राहायची, आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. त्यांच्या पंथात देवाशिवाय कुणाचंही असं स्तवन करणं मान्य नाही. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आलं. केरळ हायकोर्टानेही त्यांचं ऐकलं नाही.

११ ऑगस्ट १९८६ ला सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या नावाने तो ओळखला जातो. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यात एक कसोटी घालून दिली. एखादी श्रद्धा आम्हाला पटते की नाही हा प्रश्नच नाही. ती त्या माणसाने मनापासून आणि प्रामाणिकपणे धरली आहे का, एवढंच बघायचं. मुलांनी कुणाचा अपमान केला नव्हता, कुणाला त्रास दिला नव्हता. त्यांना शाळेत परत घ्या, असा आदेश झाला.

आता दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवा. दोन्हीकडे माणसं समूहासोबत उभी आहेत, आदराने उभी आहेत आणि फक्त एका कृतीशी थांबली आहेत. बिजो प्रकरणात कोर्टाने विचारलं, तुमची श्रद्धा प्रामाणिक आहे का? कमलेसन प्रकरणात प्रश्न आला, तुमच्या पास्टरला हे मान्य आहे का?

फरक मोठा आहे. पहिल्या प्रश्नात श्रद्धेचा मालक तो माणूस आहे. दुसऱ्यात ती मालकी धर्मगुरूकडे जाते.

अर्थात शाळा वेगळी आणि सैन्य वेगळं, हा युक्तिवाद दमदार आहे. शाळकरी मुलगा गप्प राहिला तर कुणाचा जीव धोक्यात येत नाही. सैन्याबाबत कोर्ट याआधीही कडकच राहिलंय. डिसेंबर २०१६ मध्ये हवाई दलातल्या एका मुस्लीम कर्मचाऱ्याची दाढी ठेवण्याची मागणी सुप्रीम कोर्टाने फेटाळली, तेव्हाही एकसारखेपणा आणि शिस्त हेच कारण होतं. त्यामुळे लष्करापुरतं कमलेसन प्रकरण धक्कादायक नाही. खटकतं ते पास्टरचं म्हणणं शेवटचं मानणं.

बायबल काय सांगतं? इथेच खरी गंमत आहे

ख्रिस्ती धर्मात असं करायला बंदी आहे का, या प्रश्नाला बायबलमध्ये एकच उत्तर नाही.

एका बाजूला दानीएलच्या पुस्तकातले तीन तरुण आहेत. शद्रख, मेशख आणि अबेदनगो. हे तिघे बाबेलच्या राजाचे अधिकारीच होते, म्हणजे आजच्या भाषेत सरकारी नोकर. राजाने उभारलेल्या सोन्याच्या मूर्तीपुढे वाका, असा हुकूम निघाला. बाकी सगळ्या बाबतीत राजाची चाकरी करणाऱ्या या तिघांनी तेवढं मात्र केलं नाही आणि आगीच्या भट्टीत जायला तयार झाले.

दुसऱ्या बाजूला नामान आहे. हा तर थेट सेनापती, अराम देशाचा. अलीशा संदेष्ट्यामुळे त्याचं कोड बरं होतं आणि तो इस्राएलच्या देवाला मानायला लागतो. पण जाता जाता तो एक अडचण सांगतो. माझा राजा रिम्मोनच्या मंदिरात पूजेला जातो तेव्हा माझ्या हाताचा आधार घेतो, मलाही तिथे वाकावं लागतं, एवढ्या गोष्टीची मला क्षमा व्हावी. अलीशा त्याला झापत नाही. शांतीने जा, म्हणतो.

म्हणजे नोकरीचा भाग म्हणून दुसऱ्या देवळात जाणारा लष्करी अधिकारी बायबलमध्येच आहे आणि त्याला सांभाळून घेतलंय. न वाकणारे अधिकारीही आहेत आणि त्यांचा गौरव केलाय. कमलेसन यांना समजावणारे धर्मगुरू नामानच्या बाजूने होते असं म्हणता येईल. कमलेसन स्वतः त्या तिघांच्या रांगेत उभे राहिले. चूक कोण? दोघांनाही धर्मग्रंथाचा आधार आहे. म्हणूनच हे कोर्टाने किंवा पास्टरने परस्पर मिटवायचं प्रकरण उरत नाही.

धर्मगुरूपेक्षा स्वतःच्या विवेकाचं ऐकणं हे ख्रिस्ती परंपरेत नवीनही नाही. मराठी माणसाला यासाठी लांब जायची गरज नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. मायदेशात टीकेची झोड उठली, ती त्यांनी सोसली. पण ज्या चर्चमध्ये आल्या, तिथलीही प्रत्येक गोष्ट त्यांनी मुकाट्याने मान्य केली नाही. आपल्याला घडवणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांनी पत्रांमधून कडाडून वाद घातला. मला माझी स्वतःची बुद्धी आणि विवेक आहे, हीच त्यांची भूमिका. ‘स्वतःपुरती समजूत’ चालणार नसती, तर रमाबाई रमाबाई झाल्याच नसत्या.

ऑस्ट्रियातलं उदाहरण तर अंगावर येतं. फ्रान्झ येगरस्टेटर हा साधा शेतकरी. हिटलरच्या सैन्यात लढायला त्याने कॅथलिक श्रद्धेपोटी नकार दिला. तो बिशपला भेटला, तर तुझं काम कुटुंब सांभाळणं आहे, असंच त्याला सांगण्यात आलं. त्याने ऐकलं नाही. ९ ऑगस्ट १९४३ ला त्याचा शिरच्छेद झाला. ज्या चर्चने त्याला घरी जा म्हटलं होतं, त्याच चर्चने २००७ मध्ये त्याला ‘धन्य’ घोषित केलं.

नाझींच्या युद्धात लढणं आणि जवानांसोबत गाभाऱ्यात जाणं, यांची तुलना होऊ शकत नाही, हे उघड आहे. तिथे अन्यायात हात रंगणार होते, इथे सोबत्यांच्या श्रद्धेत सामील व्हायचं होतं. पण मुद्दा तेवढाच घ्या. धर्मगुरूने हो म्हटलं म्हणून माणसाच्या मनातला प्रश्न सुटत नाही.

मग मधला मार्ग नव्हताच का?

‘हॅकसॉ रिज’ हा सिनेमा अनेकांनी पाहिला असेल. डेस्मंड डॉस या अमेरिकन सैनिकाची ती खरी गोष्ट. ख्रिस्ती श्रद्धेमुळे त्याने बंदूक हातात घ्यायला नकार दिला. सैन्याने आधी त्याला घालवायचा प्रयत्न केला, मग वैद्यकीय मदतनीस म्हणून ठेवलं. १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत याच माणसाने सुमारे ७५ जखमी सैनिकांना वाचवलं आणि त्याला अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला.

कमलेसन यांची बदली दुसऱ्या ठिकाणी, जिथे सर्वधर्म स्थळ आहे अशा युनिटमध्ये करता आली नसती का? थेट बडतर्फी, तीही पेन्शनशिवाय, हे जरा जास्त झालं का? या शंका रास्त आहेत. लष्कराचं उत्तरही तितकंच रोखठोक आहे. आज एकाला सूट दिली, उद्या दहा जण दहा कारणं घेऊन येतील. आणि अधिकाऱ्याने जवानांच्या देवापासून अंतर ठेवलं, हा संदेश जवानांपर्यंत गेला तर त्याची किंमत सीमेवर मोजावी लागेल.

इथे स्वतःलाच एक प्रश्न विचारून बघायला हवा. नावं बदलून बघा. अधिकारी हिंदू आहे, जवान ख्रिस्ती आहेत आणि चर्चमध्ये प्रभुभोजन घे असा आदेश आहे. किंवा अधिकारी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत वाढलेला नास्तिक आहे आणि हातात आरतीचं ताट घे असा आदेश आहे. तेव्हाही तुमचं मत तेच राहतं का? राहत असेल तर तुम्ही तत्त्वाबद्दल बोलताय. बदलत असेल तर तुम्ही बाजू घेताय.

तुमच्या-आमच्यासाठी याचा अर्थ काय?

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सुनावणीत न्यायमूर्ती तोंडी जे बोलतात तो कायदा होत नाही. सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाच्या निकालात हस्तक्षेप करायला नकार दिला, एवढंच घडलं. आणि हायकोर्टाचा निकाल सैन्याच्या शिस्तीपुरता आहे. बिजो इमॅन्युएल निकाल कुणीही मोडीत काढलेला नाही.

म्हणजे खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा आहे, ऑफिसात सत्यनारायण आहे आणि वसईचा किंवा अहिल्यानगरचा एखादा ख्रिस्ती सहकारी बाजूला शांत उभा आहे. त्याने प्रसाद घेतला नाही, पण कुणाला नावं ठेवली नाहीत, काम अडवलं नाही. त्याला कमलेसन प्रकरण दाखवून ‘बघ, कोर्टाने सांगितलंय’ म्हणता येणार नाही. तिथे वर्दीही नाही आणि लष्करी आदेशही नाही.

श्रद्धेसाठी उभं राहण्याच्या धाडसाबद्दल बोलायचं तर त्याची एक जुनी खूण आहे. असा माणूस किंमत दुसऱ्याकडून वसूल करत नाही, स्वतःच्या खिशातून भरतो. कमलेसन यांनी ती भरली. करिअर गेलं, पेन्शन गेली. त्यांच्या थांबण्याची किंमत जवानांनाही मोजावी लागली असती, असं लष्कर म्हणतं आणि कोर्टाने ते मान्य केलं. त्यामुळे त्यांना हिरो म्हणायचं की हट्टी, यावर वाद होत राहील.

पण कोर्टाने शिस्तीचा प्रश्न सोडवला म्हणून विवेकाचा प्रश्न सुटला, असं होत नाही. ‘तू हे का करत नाहीस?’ या प्रश्नाला ‘माझं मन मला परवानगी देत नाही’ हे उत्तर पुरेसं आहे, असं १९८६ मध्ये तीन शाळकरी मुलांना सांगितलं गेलं होतं. सैन्याबाहेर तरी ते उत्तर पुरेसं राहणार का, हे पुढचं एखादं प्रकरण ठरवेल. ते एखाद्या शाळेतून येईल, नाहीतर एखाद्या ऑफिसातून.